ज्याचा वार, त्याचं पाणी

परम दयाळू अल्लाहच्या नावानं
फुस्तात, रजब महिन्याची आठ, हिजरी सन एकशे वीस

प्रिय रैताताई,

तुला सलाम. मी बरी आहे, अल्लाहची कृपा. तूही बरी असशील अशी आशा करते. अकरा वर्षांनी बहिणीचं पत्र आलं म्हटल्यावर कोण गेलं, हेच आधी तुझ्या मनात आलं असेल. कोणी गेलेलं नाही. झुरआचे वडील गेले त्याला चार वर्षं झाली, ते तुला हजला येणाऱ्या आमच्या लोकांकडून कळलं असेलच. लेक झुरआ सरकारी कोठारात धान्य मोजून घेतो. सून चांगली आहे, फक्त मसूर कच्चे ठेवते आणि वर म्हणते की इजिप्तमध्ये असेच खातात. नदी चढायला लागलीय. पलीकडचे ख्रिस्ती कोप्ट शेतकरी रोज काठावर जाऊन पाणी कुठवर आलं ते बघून येतात आणि आपसात पैजा लावतात.

हे पत्र शेजारचा नुफैलच वाचून दाखवत असेल ना? नुफैल, तुलाही सलाम. खजूर विकताना अजून तराजूवर अंगठा ठेवतोस का? रागावू नकोस, लहानपणापासून तुला चिडवत आलेय.

अक्षर वाकडं दिसेल, कारण मी स्वतः लिहितेय. झुरआच्या वडिलांनी मला लिहायला शिकवलं होतं. मुलाला सांगून लिहून घेता आलं असतं, पण नाही घेतलं. तुझ्यासाठी अळशीच्या धाग्याचं कापड पाठवतेय, ते इथे फार मऊ निघतं. तुझ्या गुडघ्यांसाठी तेलाची कुपी आहे. गुडघे दुखतात असं मी आपलं धरून चालले आहे. आई गेली तेव्हा मी येऊ शकले नाही, कारण समुद्र खवळला होता आणि कुल्झुमहून गलबतं सुटत नव्हती. हे तेव्हाही कळवलं होतं. तुझा निरोप आला होता, "आता येऊ नकोस." मी तो धरून बसले. अकरा वर्षं धरून बसावं इतकी मी कोण लागून गेले, असं आता वाटतं.

नुफैल, यापुढचं हळू वाच बाबा. गिऱ्हाइकं ऐकतील.

ताई, तुझ्याकडे सलीत नावाचा एक तरुण येईल. बसऱ्याचा आहे, अंगानं काटकुळा, कमरेला दौत लटकवून फिरतो. जुन्या माणसांनी प्रेषितांच्या काळाबद्दल जे सांगितलं ते गोळा करत तो गावोगाव हिंडतोय. असे पुष्कळ जण आहेत हल्ली. तुला माहीत आहे, आता नुसतं सांगून भागत नाही. कोणाकडून ऐकलं, त्यानं कोणाकडून ऐकलं, एकेक नाव पुढे ठेवावं लागतं. त्या साखळीतलं एक नाव कच्चं निघालं की सगळं गेलं. आणि मधली नावं जितकी कमी, तितका सांगणाऱ्याचा मान जास्त.

इथे मला थोडा मान आहे. दर सोमवारी माझ्या पडद्यापलीकडे वीसएक माणसं बसतात. लहानपणी प्रेषितांचा काळ पाहिलेल्या म्हाताऱ्या उम्म सुहैमच्या घरी जायचे, तिची पेज पोचवायचे, तिनं जे सांगितलं ते मी या लोकांना सांगते. वीस वर्षं सांगतेय. त्यातली सगळ्यात जास्त ऐकली जाते ती विहिरीची गोष्ट. कैरवानपर्यंत गेलीय ती.

सलीत म्हणाला की तीच गोष्ट मदिनेत तूही सांगतेस, आणि तिथले काही लोक तुला खोटं ठरवतात. का, तर फुस्तातची उनैसा सांगते की त्या दिवशी म्हातारीजवळ ती एकटीच होती. मग ही रैता कुठून आली? बहिणीचं ऐकून स्वतःचं म्हणून सांगते, असं ते म्हणतात. ऐकून मला वाईट वाटलं. पण आता त्यावर बोलून काय होणार? सलीतला मीच म्हटलं, जाऊन तिलाच विचार.

तो तुला विचारेल, त्या दिवशी तिथे कोण होतं? त्याला एवढंच सांग, की मला आठवत नाही. बस. अडतीस वर्षांपूर्वीचं कोणाला काय आठवतं, त्यामुळे हे काही खोटंही नाही. तुला कोणी सोमवारी ऐकायला येत नाही, तुझं त्यात काय जातं? माझं मात्र पुष्कळ जाईल. तो उंटावरून निघालाय. हे पत्र धान्याच्या गलबतानं येतंय, म्हणजे त्याच्या आधी तुझ्या हातात पडेल.

उत्तर पाठवलं नाहीस तरी चालेल.

तुझी धाकटी,
उनैसा


परम दयाळू अल्लाहच्या नावानं
फुस्तात, शव्वालची एकवीस, हिजरी सन एकशे वीस

ताई,

सलाम. या वेळी नुफैलला सांग, ओट्यावर बस आणि मोठ्यानं वाच. रस्त्यावरच्यांना ऐकू जाऊ दे. तुझ्या दारात जे लोक येऊन तुला खोटी म्हणून गेले, त्यांना बोलावून आणता आलं तर फारच चांगलं. ते येईपर्यंत थांब. मी इथे ईदच्या गोडधोडाबद्दल चार ओळी लिहिते, तेवढ्यात ते जमतील.

ईद झाली. खजूर घालून गोड पोळ्या केल्या. सुनेनं तुपाचा हात सैल सोडला, त्यामुळे पहिल्यांदाच तिची स्तुती करावी लागली. मला मात्र एक घास गेला नाही. रोजाच्या सवयीनं असेल असं सगळ्यांना सांगितलं. रोजाचा त्यात काही संबंध नव्हता.

रमजानच्या शेवटच्या आठवड्यात सलीत परत आला. पडद्यापलीकडे धापकन बसला. "दोन महिने उंटावर," म्हणाला, "हाडं खिळखिळी झाली. पण तुमचं काम पक्कं करून आलो."

"भेटली का?" मी विचारलं.

"भेटल्या. दारात टकळीवर लोकर कातत होत्या. मी विचारलं, उम्म सुहैमनं विहिरीची गोष्ट सांगितली त्या दिवशी तुम्ही तिथे होता का? टकळी थांबली. बराच वेळ भिंतीकडे बघत बसल्या. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. पुन्हा विचारलं."

"मग?"

"म्हणाल्या, 'म्हातारी झाले बाबा. मला काही आठवत नाही. माझ्या बहिणीला विचार. तिची आठवण पक्की आहे.'"

मी फक्त "बरं" म्हटलं. त्याला वाटलं, मी त्याच्या कामावर खूश नाही. तो घाईघाईनं म्हणाला, "मी त्यांच्या नावापुढे लिहून टाकलंय, स्मरण कमजोर. आता तुमच्या साखळीला कोणी बोट लावणार नाही." मग उठता उठता म्हणाला, "हां, निघताना त्यांनी मला हाक मारून एक विचारलं. मला त्याचा अर्थ लागला नाही. 'ती अजून भाकरीचा करपलेला काठ आधी खाते का?'"

ताई, मी खाते. अजून तोच आधी खाते.

तू माझ्यासाठी काठ बाजूला काढून ठेवायचीस आणि स्वतःला आवडत नाही असं सांगायचीस. मी ते खरं मानायचे. तुझं खरं मानायचं मला आयुष्यभर सोयीचं गेलं.

आता नुफैल, इथून एक शब्दही गिळू नकोस.

मी, कातडी पोहरे शिवणाऱ्या नुमैरची धाकटी मुलगी उनैसा, अल्लाहला साक्षी ठेवून लिहिते. उम्म सुहैमनं विहिरीची गोष्ट सांगितली तेव्हा मी तिथे नव्हते. तिथे माझी बहीण रैता होती, आणि ती एकटीच होती. त्या दिवशी पेज पोचवायचा वार माझा होता. पण वरच्या वस्तीत लग्न होतं, डफ वाजणार होते, नवरीच्या हातांना मेंदी लागणार होती. मी ताईच्या गळ्यात पडले, "आजचा दिवस तू जा ना, तुझे दोन वार मी करीन." ती गेली. ते दोन वार मी कधी केले नाहीत. म्हातारी त्यानंतर सहाव्या दिवशी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जवाचं पीठ मळता मळता ताईनं मला सगळं सांगितलं. मी नीट ऐकत नव्हते, लग्नाचं डोक्यात होतं. तर तिनं पिठाच्या हातानं माझा कान धरला आणि शब्दन्‌शब्द माझ्याकडून वदवून घेतला. "ती आता राहायची नाही," म्हणाली, "दोघींना माहीत असलेलं बरं." ते मी लिहिते. कुठे चुकलं असेल तर ताई, नुफैलला तिथेच थांबव.

उम्म सुहैम म्हणाली, "मक्केचे लोक आले तेव्हा मी सात वर्षांची होते. एका अल्लाहला मानतात म्हणून त्यांच्या गावानं त्यांना जगू दिलं नाही, तेव्हा घरंदारं टाकून अंगावरच्या कपड्यांनिशी आले होते. प्रेषितांनी, त्यांच्यावर शांती असो, त्यातल्या एकेकाला मदिनेतल्या एकेका माणसाचा भाऊ करून दिलं. आमच्याकडे रबीआ आला. बाबांनी त्याला अर्धी बाग देऊ केली. तो म्हणाला, 'मी पडलो व्यापारी. मला खजुरातलं ओ की ठो कळत नाही.' शेवटी ठरलं, विहिरीवर एक दिवस बाबांचा वार, एक दिवस रबीआचा, आणि पीक दोघांचं. महिन्याभरात त्याला आमच्या गावचा ताप धरला. मग त्याच्या वारालाही बाबाच उठायचे. नऊ दिवस दोन्ही वार त्यांनीच केले. शेजारी जाता येता विचारायचे, 'आज कोणाचं पाणी?' बाबा सांगायचे, 'रबीआचं.' शेजारी म्हणायचे, 'आम्हाला डोळे आहेत म्हटलं. दोर तर तुझ्या हातात दिसतोय.' बाबा म्हणायचे, 'दोर माझ्या हातात असेना. ज्याचा वार, त्याचं पाणी.' हे रबीआच्या कानावर गेलं. तो अंगात ताप असतानाच विहिरीवर आला, थरथरत एक पोहरा वर ओढला आणि म्हणाला, 'हा तुझा.' पहिलं पाणी कोणी प्यायचं यावरून दोघांची जुंपली. तू पी, नाही तू पी. मला तहान लागली होती. मध्ये घुसून मीच पिऊन टाकलं."

एवढंच सांगून ती हसायला लागली आणि मग तिला खोकला आला, असं तू सांगितलं होतंस. ते हसणं मी वीस वर्षं माझ्या डोळ्यांनी बघितल्यासारखं सांगितलं.

पहिल्यांदा कसं घडलं तेही सांगते. पहिले काही महिने मी फक्त मी ऐकलेल्या गोष्टी सांगत होते. नमाजाची दिशा जेरुसलेमवरून मक्केकडे वळली त्या दिवसाची, नमाज चालू असतानाच सगळे उलटे फिरले आणि मागच्या ओळीतली पोरं एकदम पुढे आली, ती. ती मी खरंच म्हातारीच्या तोंडून ऐकली होती, तिच्या पायाशी बसून. मग एका सोमवारी मी विहिरीची सांगितली. पडद्यापलीकडून कोणीतरी विचारलं, "हे तुम्ही स्वतः ऐकलंत?" सगळ्यांचे बोरू थांबले. "बहिणीकडून ऐकलं" एवढं म्हणायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण मग ते पुढे विचारणार, बहीण कोण, तिचं लग्न कोणाशी झालं, तिला कोण ओळखतं. तू आईजवळ राहिलीस, तुझं लग्न झालं नाही, तुला कोण ओळखणार होतं? आणि एक नाव मध्ये आलं की मी एक पायरी खाली. मी म्हणाले, "हो." कोणीतरी विचारलं, "आणखी कोणी होतं?" मी म्हणाले, "नाही."

मनाला काय समजावलं माहीत आहे? त्याच गोष्टीतलं. वार माझा होता ना? मग पाणीही माझंच. पहिली काही वर्षं त्यावर मी चांगली झोपले. ते वाक्य देणाऱ्यानं म्हणायचं असतं, घेणाऱ्यानं नाही, एवढं साधं मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. आणि परवा तू ते म्हणालीस, टकळी थांबवून, भिंतीकडे बघून. दोर तुझ्या हातात होता आणि तू त्या पोराला सांगितलंस, पाणी माझ्या बहिणीचं.

आईच्या वेळचंही इथेच सांगून टाकते. समुद्र खवळला नव्हता. दोन गलबतं सुटली. आई आजारी आहे कळताच मी बोचकं बांधलं होतं. त्याच आठवड्यात कैरवानहून तीन माणसं आली, केवळ माझ्या तोंडून ती गोष्ट ऐकायला, एवढं वाळवंट तुडवून. मी म्हटलं, आठ दिवसांनी निघू. आठ दिवसांनी आईची बातमी आली. म्हणजे तुझीच गोष्ट सांगत बसले म्हणून मी आईला मुकले, आणि तिचं सगळं, धुणं, भरवणं, शेवटचं पाणी, तू एकटीनं केलंस. तुझा "येऊ नकोस" हा निरोप आला तेव्हा मला खरं तर सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना माझी मलाच किळस येते.

सलीत गेल्यावर चार दिवस मी कुढत बसले. म्हटलं, झालं ते झालं, तुझी इच्छाच तशी दिसते. नमाजाला उभी राहिले की शेवटी उजव्या खांद्याकडे सलाम, डाव्या खांद्याकडे सलाम. डावीकडे मान वळवायचं धैर्य होईना. आपलं सगळं वाईट लिहून घेणारा फरिश्ता तिथे बसलेला असतो असं आई सांगायची. त्याच्यापुढे मी काय "स्मरण कमजोर" म्हणणार होते?

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर मोठ्या मशिदीत गेले. अबू खुराश तिथे खांबाशी बसतात. सत्तरीचे आहेत, फुस्तातमध्ये कोणाचं सांगणं घ्यायचं आणि कोणाचं टाकायचं हे त्यांच्या शब्दावर ठरतं. माझं सगळं त्यांनी स्वतः लिहून घेतलेलं आहे. सलीतही तिथेच होता. मी बायकांच्या बाजूला उभी राहिले आणि म्हणाले, "विहिरीची गोष्ट मी उम्म सुहैमकडून ऐकलेली नाही. बहिणीकडून ऐकली."

अबू खुराश म्हणाले, "वय झालं की असं होतं बाई. गोंधळ होतो माणसाचा."

"गोंधळ नाही. तेव्हाही माहीत होतं."

"वीस वर्षं 'मी ऐकलं' म्हणत होतीस."

"म्हणत होते."

"का?"

"मान मिळत होता," मी म्हणाले.

त्यांनी बोरू खाली ठेवला. आवाज चढवला नाही. शेजारच्याला म्हणाले, "या बाईच्या नावाचं जे काही आहे ते खोडा."

"बाकीचं मी ऐकलेलं आहे," मी म्हणाले. "नमाजाची दिशा बदलल्याचं. फक्त ही एकच..."

"कोणती एक, हे आम्ही कसं ओळखायचं? तू सांगशील त्यावरून?"

त्यांचं बरोबर होतं. मी त्यांच्या जागी असते तर हेच केलं असतं. म्हातारीनं मला जे दिलं होतं, पेजेच्या वाटीच्या बदल्यात इतक्या मायेनं दिलं होतं, तेही माझ्या हातानं गेलं. एक्केचाळीस गोष्टी होत्या. शाईची एकेक रेघ ओढायला त्यांना फार वेळ लागला नाही.

सलीत उठून माझ्यापासून चार हातांवर आला. डोळे लाल झाले होते. "म्हणजे तुमच्या बहिणीला आठवत होतं," तो म्हणाला. "तुम्ही मला पाठवलंत ते..."

"तू पोचायच्या आधी मीच तिला पत्र घातलं होतं, आठवत नाही म्हणून सांग."

"आणि मी त्यांच्याच दारात बसून त्यांच्या नावापुढे ते लिहिलं. त्यांनी मला खजूरही दिले." तो पाठ फिरवून गेला. मला कोणी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता सोमवारी पडद्यापलीकडे कोणी येत नाही. एक सोडून. तेक्ला म्हणून शेजारची कोप्ट विणकर आहे. तीन वर्षांपूर्वी आपल्या धर्मात आली, तेव्हा तिच्या सख्ख्या भावानं तिच्याशी बोलणं सोडलं. ती मागाचं काम टाकून आली, पडदा सरकवून सरळ माझ्यासमोर बसली. म्हणाली, "मला अरबी धड वाचता येत नाही. त्या लोकांबद्दल, त्या दिवसांबद्दल मला जे माहीत आहे ते सगळं तुमच्या तोंडचं आहे. घर सोडून आलेल्या परक्याला कोणी भाऊ म्हटलं, हे ऐकलं आणि माझं ठरलं. आता मी त्याचं काय करू?"

मी म्हटलं, "गोष्ट खरी आहे. नाव चुकीचं सांगितलं मी."

"कोणाचं नाव लावू मग?"

"रैता."

तिनं ते चार-पाचदा म्हणून बघितलं. तिच्या तोंडात ते जरा वेगळं येतं, पण येतं. तेवढं एक नाव तुझं इथे लागलं, ताई. बाकीच्यांनी लावायचं तर अडचण आहे. अबू खुराश म्हणाले, "ती बहीण स्वतःच आठवत नाही म्हणाली. आता आमच्या हातात काही नाही." मग म्हणाले, "जुन्या लोकांत एक पद्धत आहे. सांगणारा विसरला आणि ऐकणाऱ्याला आठवत असेल, तर सांगणारा म्हणू शकतो, 'अमक्यानं मला सांगितलं, की मीच ते त्याला सांगितलं होतं.' पण त्याला ऐकणारा भरवशाचा लागतो." आणि माझ्याकडे बघितलं.

म्हणजे आता फक्त तू उरलीस. तुला लोकांसमोर म्हणावं लागेल, मला आठवतं, तेव्हाही आठवत होतं, बहिणीनं सांगितलं म्हणून नाही म्हणाले. माझ्यामुळे तुझ्या तोंडून निघालेलं एकुलतं एक खोटं तुलाच चारचौघांत परत घ्यावं लागेल. माझ्या पापातला हा वाटा तुझ्या पदरात टाकणारी ही ओळ मी दोनदा खोडली. पण मी तुझ्यासाठी हे करू शकत नाही. करता आलं असतं तर आयुष्यात एकदा तरी तुझ्या वाराला उठले असते.

एक मात्र करू शकते. हजच्या काफिल्यात जागा घेतली आहे. झुरआ नको म्हणत होता, "या वयात?" मी म्हटलं, गेल्या खेपेला बोचकं सोडलं होतं, या खेपेला सोडणार नाही. हे पत्र गलबतानं पुढे येतंय, मी उंटावरून मागे. यात जे लिहिलंय ते नुफैलच्या ओट्यावर उभी राहून मी पुन्हा तोंडानं सांगेन, ज्याला ऐकायचं त्यानं ऐकावं. तुझ्या दारात येईन. तू दार लावून घेतलंस तर बाहेर बसेन, आणि उठ म्हणालीस तर उठून जाईन. माफ कर असं म्हणत नाही. ते मागायचा वारही माझा अजून आलेला नाही.

पण दार उघडंच असलं तर एक कर. पीठ मळायला घे. मी समोर बसते. पहिल्यापासून सांग, मक्केचे लोक आले तिथपासून. या वेळी माझं डोकं दुसरीकडे नसेल. चुकले तर पिठाच्या हातानं कान धर.

जिनं हे उम्म सुहैमकडून ऐकलं नाही, आपली बहीण रैता हिच्याकडून ऐकलं, ती

उनैसा